केमोनंतरची उलटी होण्याआधीच का थांबवावी लागते?

मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरून केमोथेरपीसाठी मुंबईला जायचे म्हणजे जीपने खोडाळामार्गे कसारा, तिथून लोकलने दादर आणि मग परळचे टाटा रुग्णालय. जव्हारची माणसे विक्रमगड, मनोरवरून उतरतात, तर काही जण उलट्या दिशेने त्र्यंबकचा रस्ता धरून नाशिक गाठतात. कुठल्याही वाटेने गेले तरी घाट आहेच. केमोचे औषध सलाइनमधून चढवून झाले की अनेक रुग्णांना त्याच दिवशी घरी सोडतात. ते परततात तेव्हा बऱ्याचदा बरे वाटत असते. उलट्यांचा मोठा जोर कधी कधी त्यानंतर येतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जेव्हा रुग्ण पाड्यावर असतो आणि औषधाचे दुकान तालुक्याच्या गावी.

म्हणून सोबत दिलेल्या गोळ्यांच्या पट्टीला फार महत्त्व आहे. ‘उलटी झाली तर घेऊ’ म्हणून ती पिशवीत ठेवून देणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. यातल्या बहुतेक गोळ्या उलटी होऊ नये म्हणून आहेत, झाल्यावर घेण्यासाठी नाहीत.

हे समजायला शरीरात काय घडते ते पाहावे लागते. केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच, पण आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशीही तशाच. त्यांना इजा झाली की आतड्यातून सेरोटोनिन नावाचे रसायन सुटते. शरीरातले बहुतांश सेरोटोनिन मेंदूत नाही, आतड्यातच असते. ते तिथल्या नसांना डिवचते, नसा मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला निरोप धाडतात आणि मेंदू समजतो की पोटात विष गेले आहे, बाहेर काढा. एका अर्थी मेंदूचा अंदाज चुकीचा नसतो.

ही झाली पहिल्या चोवीस तासांची गोष्ट. त्यानंतर सूत्रे दुसऱ्या रसायनाकडे जातात. त्याचे नाव सबस्टन्स पी. ते मुख्यतः मेंदूतच काम करते. सिस्प्लॅटिन या औषधानंतर उशिराच्या उलट्यांचा जोर साधारण 48 ते 72 तासांनी सर्वाधिक असतो आणि त्रास पाचव्या दिवसापर्यंत रेंगाळू शकतो. सगळ्यांच्या ओळखीची ऑन्डान्सेट्रॉनची गोळी सेरोटोनिनचा रस्ता अडवते. त्यामुळे पहिल्या दिवशी ती उत्तम चालते आणि तिसऱ्या दिवशी तीच गोळी एकटी तोकडी पडते. गोळी बनावट असते म्हणून नव्हे. तिने अडवलेल्या दाराने त्या दिवशी फारसे कोणी येतच नसते.

सिस्प्लॅटिनला अमेरिकेत 1978 मध्ये मान्यता मिळाली. उलटीची औषधे न देता ते चढवले तर दहापैकी नऊहून अधिक रुग्णांना उलट्या होतात. ऑन्डान्सेट्रॉन तिथे 1991 मध्ये आले आणि सबस्टन्स पी रोखणारे पहिले औषध, ॲप्रेपिटंट, 2003 मध्ये. मधल्या काळातल्या रुग्णांनी जे सोसले त्यातूनच ‘केमो म्हणजे ओकून ओकून मरण’ ही समजूत गावोगाव पोचली. ती आजही लोकांना उपचारापासून दूर ठेवते, आणि एखाद्याची पहिली केमो वाईट गेली तर ती आणखी पक्की होते. दुसऱ्या फेरीला तो जातच नाही. कधी भगताकडे, कधी नुसता घरी.

प्रत्येक केमोला उलट्या होतात असेही नाही. काही औषधांनी दहातल्या एकालाही त्रास होत नाही. सर्वाधिक धोका सिस्प्लॅटिनचा आणि स्तनाच्या कर्करोगात दिल्या जाणाऱ्या डॉक्सोरुबिसिन-सायक्लोफॉस्फमाइड या जोडीचा. माणसागणिकही फरक पडतो. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त त्रास होतो, तरुणांना वृद्धांपेक्षा जास्त. जिला डोहाळ्यांत उलट्यांनी बेजार केले होते किंवा जिला घाटात गाडी लागते, तिने हे डॉक्टरांना आधीच सांगावे. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण त्यावरून औषधे ठरवायला मदत होते.

मोठा धोका असलेल्या केमोसाठी आता चार औषधे एकत्र देतात: सेरोटोनिन अडवणारे ऑन्डान्सेट्रॉन किंवा पॅलोनोसेट्रॉन, सबस्टन्स पी अडवणारे ॲप्रेपिटंटच्या जातीचे, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि ओलान्झापिन. यातली काही केमोच्या आधी इंजेक्शनने जातात, काही पुढचे दोन-तीन दिवस घरी घ्यायची असतात. डेक्सामेथासोनने मधुमेहींची साखर वाढते आणि रात्री झोप उडते, म्हणून ते सकाळी खाऊन घ्यायचे. ऑन्डान्सेट्रॉनने पोट साफ होत नाही, कधी डोके दुखते.

चौथ्या औषधाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण घोटाळा तिथेच होतो. ओलान्झापिन मुळात स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजारावरचे औषध आहे. दुकानदार किंवा शिकलेला पुतण्या पट्टी वाचून ‘हे तर वेडाचे औषध’ म्हणतो आणि गोळी बाजूला पडते. खरे तर हे औषध मेंदूतली अनेक दारे एकाच वेळी अडवते, त्यात मळमळीचीही येतात. उलटी थांबूनही मळमळ चालूच राहते अशा रुग्णांना त्याचा विशेष उपयोग होतो. शिवाय ते स्वस्त आहे.

त्याची अडचण एकच, पण मोठी: गुंगी. जगभर रूढ असलेली मात्रा 10 मिलिग्रॅम. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी विचारले, एवढी लागते का? त्यांनी 2021 ते 2023 दरम्यान 275 रुग्णांवर चाचणी घेतली. सगळ्यांना बाकीची तीन औषधे दिली, ओलान्झापिन मात्र निम्म्यांना 10 आणि निम्म्यांना फक्त 2.5 मिलिग्रॅम. निकाल 2024 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त छापून आला. उलटी-मळमळीवर पूर्ण ताबा कमी मात्रेत 45 टक्के रुग्णांत मिळाला, जास्त मात्रेत 44 टक्क्यांत. म्हणजे फरक नाही. पहिल्या दिवशी तीव्र गुंगी मात्र 10 मिलिग्रॅमवाल्यांपैकी 40 टक्क्यांना आली, 2.5 वाल्यांपैकी 5 टक्क्यांना.

चार औषधे देऊनही निम्म्याहून अधिकांना थोडाफार त्रास झालाच, हेही त्या आकड्यांतच आहे. पण गुंगीचा फरक ज्याला घाटातून जीप बदलत, लोकलच्या गर्दीतून उभ्याने घरी जायचे आहे त्याच्यासाठी मोठा आहे. मात्रा किती ते डॉक्टरच ठरवतील. गुंगी फार येत असेल तर गोळी गुपचूप बंद करण्यापेक्षा ‘कमी करता येईल का’ असे विचारता येते. ती सहसा रात्री घेतात. त्या दिवसांत मोटारसायकल चालवू नये आणि दारूसोबत ती अजिबात घेऊ नये.

औषधे घेऊनही उलटी झाली तर? तीच गोळी पुन्हा पुन्हा गिळण्याने फारसे साधत नाही, वेगळ्या प्रकारचे औषध द्यावे लागते. म्हणून रुग्णालय सोडतानाच ‘उलटी थांबली नाही तर कुठली गोळी?’ हे विचारून ती सोबत आणावी. जिभेवर विरघळणारी ऑन्डान्सेट्रॉनची गोळीही मिळते, पाण्याचा घोट टिकत नसेल तेव्हा ती सोयीची. खाणे थोडे थोडे, गार किंवा कोमट. फोडणीच्या वासापासून दूर. भाताची किंवा नागलीची पेज भाकरीपेक्षा लवकर पोटात राहते.

आधीच अंगात मांस कमी असलेल्या माणसाला दोन दिवसांच्या उलट्या फार महाग पडतात. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला घातक असते, आणि पाणी कमी पडले की ती इजा वाढते. घोटभर पाणीही टिकत नसेल, लघवी अगदी कमी झाली असेल, उभे राहताना चक्कर येत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय गाठावे आणि केमोची फाइल सोबत न्यावी, म्हणजे कुठले औषध चढवले होते हे तिथल्या डॉक्टरांना कळेल. सोबत ताप 100.4 अंशांवर गेला असेल तर रात्र असली तरी थांबू नये. केमोनंतरचा ताप हा उलटीपेक्षा वेगळा आणि अधिक घाईचा मामला आहे.