पाबळच्या माळावर

वाकडच्या भूमकर चौकात सकाळी उभं राहिलं की दोन तऱ्हेच्या कंपनी बस दिसतात. काही हिंजवडीकडे वळतात, काही चाकणच्या दिशेने जातात. पहिल्या बसमधल्यांकडे पदवी असते, दुसरीतल्या बहुतेकांकडे डिप्लोमा नाहीतर आयटीआय. दहावीला गणित-इंग्रजीत अडकलेलं पोर फार तर कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून लागतं आणि पुढची अनेक वर्षं हेल्परच राहतं.

अशा पोराला घडवणारी एक जागा वाकडपासून साधारण दोन तासांवर आहे. नाशिक फाटा, मोशी, चाकण मागे टाकत राजगुरुनगर गाठायचं, तिथून कनेरसरच्या वाटेनं पाबळ. शिरूर तालुक्यातलं हे कोरडवाहू गाव लोकांना माहीत आहे ते मस्तानीच्या समाधीमुळे. पण गेली चाळीस वर्षं इथल्या विज्ञान आश्रमात जे चाललं आहे, तेही तितकंच माहीत असायला हवं होतं.

आश्रम उभा केला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी, १९८३ साली. जन्म १९२८चा, इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, विषय अन्नतंत्रज्ञान. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात ते मोठ्या हुद्द्यावर होते. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पत्नी मीराताईंसह मुंबई सोडून पाबळला बिऱ्हाड केलं. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं छत्र या कामाला मिळालं. गाव निवडतानाही त्यांचा हिशेब स्पष्ट होता: पाणी कमी, सोयी कमी. इथे जे जमेल ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जमेल.

ज्या इलिनॉय राज्यात कलबाग शिकले, त्याच राज्यातल्या जोलिएट गावात १९०१ साली अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज सुरू झालं होतं. घराजवळचं, परवडणारं, परिसराला लागणारी कामं शिकवणारं कॉलेज, ही त्यामागची कल्पना. भारतात या नावाचं पहिलं पाऊल पुदुच्चेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये टाकलं, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची योजना आली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, बाराव्या पंचवार्षिक योजनेत. पाबळने हे नाव कधी लावलं नाही. काम मात्र तेच केलं, आणि भारतातल्या या दोन्ही प्रयत्नांच्या आधी.

आश्रमाचा मुख्य अभ्यासक्रम एक वर्षाचा, निवासी. नाव ‘डिप्लोमा इन बेसिक रूरल टेक्नॉलॉजी’, पण सगळे त्याला डीबीआरटी म्हणतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची त्याला मान्यता आहे. विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. एकच पोर वेल्डिंग करतं, घराचं वायरिंग करतं, कोंबड्यांच्या खाद्याचा हिशेब ठेवतं आणि भट्टीत पावही भाजतं. सगळं थोडं थोडं शिकून काय होणार, असं शहरातल्या पालकाला वाटेल. पण गावात एकाच कामावर बाराही महिने पोट भरत नाही. शिवाय कुठल्या कामात आपला हात बसतो, हे करून पाहिल्याशिवाय कळणार कसं?

वर्कशॉपमध्ये हे शिक्षण कसं चालतं ते डोमवरून समजतं. पाबळचा डोम म्हणजे लोखंडी अँगलचे त्रिकोण नटबोल्टने जोडून उभारलेलं घुमटाकार घर. अगदी साध्या अर्धगोल डोमला ६५ तुकडे लागतात आणि मापं फक्त दोन: ३० आखूड, ३५ लांब. त्रिज्या तीन मीटर धरली तर आखूड तुकडा १.६४ मीटरचा, लांब १.८५ मीटरचा. कापताना चूक झाली की शेवटच्या त्रिकोणात भोकाला भोक जुळत नाही आणि बोल्ट आत जात नाही. मग मुलगा मीटरटेप घेऊन आपणच मागे मागे तपासत जातो. वर्गात ज्या भूमितीने त्याला नापास केलं, तीच इथे हातात पाना घेऊन समोर उभी राहते, आणि या वेळी ती त्याला समजते. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर असे डोम भूकंपग्रस्त भागात उभे राहिले.

या डोमइतकंच नाव झालं ते जीपचे भाग वापरून बनवलेल्या ‘मेकबुल’ या छोट्या ट्रॅक्टरचं. भूगर्भातलं पाणी शोधण्यासाठी जमिनीचा विद्युतरोध मोजायलाही इथली मुलं शिकली. आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या पुढाकाराने पाबळला फॅब लॅब आली. संगणकावर आराखडा काढून तो यंत्राने कापायचा, ही सोय एमआयटीबाहेर जगात सर्वात आधी जिथे पोहोचली, त्या मोजक्या जागांत हे कोरडवाहू गाव होतं.

कलबाग ३० जुलै २००३ रोजी गेले. काम थांबलं नाही. डॉ. योगेश कुलकर्णी यांच्यासारख्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुढे नेलं. शाळांसाठी आखलेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा कार्यक्रम तर पाबळच्या वेशीबाहेर खूप दूर गेला. त्यात मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात आणि गावातल्या लोकांची खरीखुरी कामं मोबदला घेऊन करून देतात. गावातलाच कुशल माणूस तिथे शिक्षक होतो, त्याच्याकडे बीएडची पदवी आहे का, हे कोणी विचारत नाही. या कामातली सर्वात मोलाची गोष्ट हीच वाटते.

पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात टूलरूममध्ये, पेंटशॉपमध्ये, मेंटेनन्समध्ये तीस-तीस वर्षं काढून घरी बसलेले किती तरी फोरमन आणि इंजिनीअर आहेत. वाकडच्या सोसायट्यांतही ते सकाळी फिरताना भेटतात. कलबागांनी पन्नाशीनंतरच सुरुवात केली होती. या मंडळींनी एकदा पाबळला जाऊन यावं, आणि परतल्यावर आपल्या जवळच्या महापालिका शाळेत आठवड्यातला एक दिवस द्यावा.