समेवर काहीच नाही

चाल सुचायला फारसा वेळ लागत नाही. सकाळी शारजाहून दुबईकडे निघालेल्या गाड्यांच्या रांगेत, अल नहदापासून अल इत्तिहाद रोडला लागेपर्यंत, दोन-तीन चाली सहज होतात. त्यातली एक खळ्यांची असते, एक बाबूजींची, आणि तिसरी कोणाची हे संध्याकाळी परतताना कळतं. ती मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायची सवय मी सोडलेली नाही, कारण चोरीची चाल गाऊन संपवल्याशिवाय डोक्यातून जात नाही.

त्यात मित्राची कविता निघाली ताऱ्यावर. मराठी माणसाने 'तारा' हा शब्द पेटीवर धरला की पाडगावकर, खळे आणि अरुण दाते तिघंही शेजारी येऊन बसतात. 'शुक्रतारा' ज्या घरात लहानपणापासून रेडिओवर वाजलं, त्या घरातल्या माणसाला 'ताऱ्या'वरचा 'ता' वर चढवायला हात धजत नाही आणि खाली उतरवायलाही.

मित्राचा तारा मात्र संध्याकाळचा नव्हता. तो शारजातल्या एका शाळेत गणित शिकवतो आणि दर वर्षी २४ ऑगस्टच्या आसपास पहाटे गाडी काढून मलीहाच्या वाळवंटात जातो, सुहैल पाहायला. आखाती देशांत सुहैल दिसला की उन्हाळ्याचा कणा मोडला, असं मानतात. हवा लगेच गार होते असं नाही, दुपारी स्टिअरिंगला हात लावताना चटका बसतोच. पण लोकांच्या बोलण्यात फरक पडतो. हा सुहैल म्हणजेच आपला अगस्ती, रात्रीच्या आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा. आपल्याकडेही त्याच्या उगवण्याचं नातं ऋतूशीच जोडलेलं. अगस्ती उगवला की गढूळ पाणी निवळतं, असं रघुवंशात कालिदासानेही सांगितलंय. पुण्याहून तो दक्षिणेला, क्षितिजापासून फार तर १९ अंश वर येतो, शारजातून जेमतेम १२. धुळीत आणि दमट हवेत एवढ्या खालचा तारा दिसणं म्हणजे नशीबच.

कवितेच्या पहिल्या दोन ओळी अशा:

तापल्या या वाळवंटी दक्षिणेला तो दिसे
आपल्या गावात ज्याला अगस्ती म्हणती जुने

मी पेटी उघडत नाही. आधी ओळ बोटांवर मोजतो. 'तापल्या या' सात मात्रा, 'वाळवंटी' सात, 'दक्षिणेला' सात, 'तो दिसे' पाच आणि दोन मात्रांचा श्वास. 'तापल्या'मधला 'प' जोडाक्षराच्या आधी आला म्हणून कोणी गुरू धरेल, पण मराठी उच्चारात त्या 'ल्या'चा आघात मागे येत नाही. 'दक्षिणे'तला 'द' मात्र खरोखर जड होतो. हे कागदावर बघून कळत नाही, तोंडाने म्हणावं लागतं.

माधव जूलियनांनी 'छंदोरचना'त आवर्तनांना दिलेली नावं मला फार आवडतात. पाच मात्रांचं हरावर्तन, कारण शंकर पंचमुखी. सहाचं भृंगावर्तन, भुंग्याला सहा पाय. सातचं अग्न्यावर्तन, अग्नीला सात जिभा. आठचं पद्मावर्तन, आठ पाकळ्यांचं कमळ. उन्हाळ्यावरची कविता अग्न्यावर्तनात आली, हे मित्राने ठरवून केलं का, असं विचारलं तर तो म्हणाला, "नाही रे, ती तशीच आली."

सात मात्रा म्हटलं की रूपक. तीन-दोन-दोन. 'तापल्या या' नीट उलगडून पाहा: 'ताप' तीन, 'ल्या' दोन, 'या' दोन. ठेका ओळीतच पडलेला आहे. शिवाय रूपकाची एक खोड अशी की त्याची सम खालीवर येते. इतर तालांत समेवर डग्ग्याचा घुमारा असतो, इथे 'ती ती ना'. डग्गा गप्प असतो. पहाटे, आवाज न करता उगवणाऱ्या ताऱ्याला दुसरा कोणताही ताल मला चालला नसता. दादरा तर नाहीच. दादऱ्यात वाळवंटाचा झोपाळा होतो.

ऑफिसच्या पँट्रीत कॉफी होईपर्यंत मी टेबलावर हेच वाजवत होतो. जॉर्डनचा एक सहकारी बाजूला उभा होता. त्याने दोन ओळी ऐकल्या आणि बोट वर करून म्हणाला, "फाइलातुन, फाइलातुन... रमल." अरबी शाळांत सोळा वृत्तं पाठ करून घेतात. बसऱ्याच्या खलील इब्न अहमदने आठव्या शतकात त्यांचं शास्त्र बांधलं. फा-इ-ला-तुन: गा-ल-गा-गा. अरबीत रमलच्या ओळीत तीन गण असतात, फारसीने त्याचे चार केले, उर्दू गझलेतून ते मराठीत आले. आणि ज्यांनी त्यांना मराठीत सन्मानाने बसवलं ते माधव जूलियन फारसीचेच प्राध्यापक. मित्राला हे सांगितल्यावर तो इतका खूश झाला की कवितेपेक्षा या प्रवासावरच बोलत राहिला. मी ऐकून घेतलं. चालीला त्याचा उपयोग शून्य.

राग आधी ठरवू नये असं मी मानतो, पण बोटं ठरवतात. भावगीताच्या वळणावर वाढलेली बोटं पहिल्यांदा यमनवर जातात. गेली. 'तापल्या या' यमनात छान बसलं, आणि तिथेच बिनसलं. तीव्र मध्यम लागला की उकाडा प्रसन्न वाटायला लागतो. मग एकेक स्वर काढत गेलो. गंधार काढला, धैवत काढला, मध्यम शुद्ध झाला, रिषभ आणि निषाद कोमल झाले, आणि उरला बैरागी. पाच स्वर, मधे मोठाल्या रिकाम्या जागा. रविशंकरांच्या नावाने ओळखला जाणारा हा सकाळचा राग भावगीतात जपून वापरावा लागतो. दोन मिनिटांत तो देवळात नेऊन बसवतो.

म्हणून 'तापल्या या वाळवंटी' जवळजवळ एकाच स्वरावर ठेवलं, पंचमावर. 'वंटी'ला कोमल निषादाचा एक कण, आणि पुन्हा पंचम. सपाट जमिनीला हरकती कशाला. 'दक्षिणेला' मध्यमावरून खाली झुकतं आणि 'तो दिसे' कोमल रिषभावर येऊन थांबतं. षड्जावर नाही. ऐकणाऱ्याला ओळ संपल्यासारखी वाटू नये. षड्ज दुसऱ्या ओळीत, 'आपल्या गावात' म्हणताना.

इथवर सगळं सुरळीत झालं. मग आला 'अगस्ती'.

मोजलं तर मात्रा बरोबर आहेत. 'अगस्ती म्हण' सात, 'ती जुने' पाच. पण क्रम उलटलेला. बाकी सगळे गण गुरूने सुरू होतात आणि हा एकटाच लघूने. परिणाम असा की सम येते 'अ'वर, जो बिचारा अर्धवट उच्चारला जातो. पुढची सम 'म्हणती'चे दोन तुकडे करते: 'म्हण' इकडे, 'ती' तिकडे. गाताना ऐकू येतं, 'तीजुने'. हे कोणतं गाव, असं कोणीही विचारेल.

अशा वेळी कवी हयात असणं आणि शेजारच्या इमारतीत राहत असणं ही सोय आहे की संकट, हे सांगता येत नाही. यशवंत देवांनी 'शब्दप्रधान गायकी' लिहिलं, आणि ते स्वतः कवीही होते, म्हणजे भांडण घरातल्या घरात. आम्हा दोघांत ते व्हॉट्सअॅपवर चालतं. मी त्याला कविता वाचून पाठव म्हटलं. त्याने गणिताच्या मास्तरसारखी वाचली, प्रत्येक सात मात्रांनंतर थांबत. ती फीत काही कामाची नव्हती. मग शुक्रवारी तो घरी आला. शारजात त्यांना शुक्रवार पूर्ण सुट्टी, आम्हाला दुबईत अर्धा दिवस. तेव्हा मी कवितेचा विषयच काढला नाही, मलीहाला काय दिसलं ते विचारलं. "आधी धुकंच होतं, मग एकदम अगस्ती दिसला." बोलताना त्याचा 'अ' जवळजवळ गिळला गेला आणि 'ग' उचलला गेला. मला पाहिजे होतं ते मिळालं.

आता 'ज्याला'तला 'ला' दोन मात्रांचा आहे, त्याची एक मात्रा काढून घेतली. त्या सातव्या मात्रेवर 'अ' आला, समेच्या आधी, उंबरठ्यावर. आणि सम 'ग'वर. मध्यमावरचा, तीन मात्रा लांबलेला 'ग', त्याखाली डग्गा नाही. 'स्ती' चौथ्या मात्रेवर. 'म्हणती' पाच-सहा-सातमध्ये एका दमात संपवलं. मग सम येते तेव्हा गाण्यात काहीच नाही, शब्द नाही, स्वर नाही. ती गेल्यावर दुसऱ्या मात्रेपासून 'जुने'.

हे हातात आल्यावर बाकीची चाल आपोआप सरळ झाली. मुखड्याची ओळख आता त्या अडखळण्यावर होते.

तालमीला वेगळे प्रश्न. आमच्या मंडळाच्या कोजागिरीत गाणं करायचं होतं, आणि गाणार होत्या मित्राच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी. चाल मी माझ्या काळी एकमध्ये बांधलेली, त्या गातात काळी चार. 'आपल्या'ची सुरुवात मंद्र निषादावरून, तिथे त्यांच्या आवाजात नुसती हवा. "हे गाणं नाही भाऊजी, हे वाचन झालं," असं म्हणून त्यांनीच काळी पाच सांगितली. तबलजींची तक्रार हवामानाची. सप्टेंबरात बाहेर दमट, घरात कोरडा एसी. पार्किंगमधून वर येईपर्यंत तबला उतरलेला, आणि वर ठोकून मिळवला की एसीत अर्ध्या तासात चढलेला. माझ्या पेटीच्याही दोन पट्ट्या या दिवसांत दाबल्या की वर येत नाहीत. त्यातली एक नेमकी कोमल रिषभाची.

"समेवर शब्द नाही तर मी काय वाजवू?" तबलजींनी विचारलं.

"ती."

"ते तर मी वाजवतोच आहे."

"मग झालं."

त्यांनी तिसऱ्या फेरीत तोही कमी केला, नुसतं बोट टेकवलं. मी सांगितलं नव्हतं.

आधी चाल आणि मग शब्द, अशी उलट दिशेने चाललेली गाणीही जगात पुष्कळ आहेत. या देशाच्या राष्ट्रगीताची धून १९७१ची, शब्द १९८६चे. पंधरा वर्षं ते नुसतं वाजवलं जायचं. चालीवर लिहिणं कमी दर्जाचं, असं म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे, मला ते पटत नाही. पण तिथे कवीला चाल आधीच माहीत असते. तयार कवितेच्या बाबतीत कवीला चाल ऐकायला मिळते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मित्राने तालीम ऐकली. चांगलं-वाईट काही बोलला नाही. रात्री त्याचा मेसेज आला: ती ओळ खटकते, लघू-गुरूचा क्रम चुकलाय हे गाताना लक्षात आलं, दुरुस्त केली आहे.

आपल्या गावी अगस्ती नाव ज्याचे ऐकले

मोजली. निर्दोष. 'वी' गुरू, 'अ' लघू, 'गस्ती' दोन गुरू, सगळं गालगागा. 'अ' तिसऱ्या मात्रेवर अलगद येतो, 'ग' चौथीवर टाळीला. कुठेही ठेच नाही, आणि म्हणूनच अगस्ती कधी आला आणि गेला ते कळतही नाही. मी त्याला फोन करून सांगितलं की ही ओळ घेतली तर मला चाल पुन्हा बांधावी लागेल, आणि दुसरी मला येत नाही. तो म्हणाला, चूक चूकच असते. मी म्हटलं, असेल, पण ती आता वहिनींच्या गळ्यात बसली आहे. बराच वेळ वाद झाला, मागून वहिनी दोघांनाही गप्प बसायला सांगत होत्या.

तडजोड अशी ठरली की त्याच्या वहीत नवी ओळ राहील आणि गाण्यात जुनी. कार्यक्रमाच्या पत्रिकेत कोणती छापायची, यावर अजून बोलणं चालू आहे.