पावडर नको, आधी शुगर तपासा : लैंगिक तक्रारींची खरी कारणं आणि उपचार

बेळगाव : 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' ही जाहिरात आपल्याकडे कन्नड, मराठी, हिंदी अशा तिन्ही भाषांत भिंतीवर दिसते. सीमाभागात भाषेवरून वाद नसलेली ही बहुधा एकच पाटी! पण तिच्या नादाला लागून माणसं पैसे घालवतात आणि त्याहून वाईट म्हणजे वेळ घालवतात.

ओळखीतले एक दुकानदार, वय अठ्ठेचाळीस. ताठरता कमी झाली म्हणून आठ महिने पावडर घेतली, महिन्याला अडीच हजारांची. वीस हजार गेले. पुढे पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं, तर शुगर तीनशेच्या वर. "ती तक्रारही यामुळंच काय?" असं त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तीच पहिली सूचना होती."

पुरुषांच्या तक्रारी

ताठरता म्हणजे मुळात रक्तपुरवठ्याचं काम. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांमुळे रक्तवाहिन्या खराब होतात. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे त्रास तिथं आधी दिसतो. म्हणूनच ताठरतेची तक्रार ही कधी कधी हृदयविकाराची काही वर्षं आधी मिळालेली सूचना असते. झोपेतून उठताना ताठरता नीट येत असेल तर कारण बहुधा ताण, भीती किंवा नवरा-बायकोतला दुरावा असतो. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही फरक पडतो; मात्र त्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टर बदलून देतात.

शीघ्रपतनावरही सराव, समुपदेशन आणि औषधं असे उपाय आहेत. 'धातू जाते' या भीतीचं मात्र वेगळं आहे. स्वप्नात वीर्य जाणं हा रोगच नाही. या भीतीतून येणारा अशक्तपणा, उदासी यांना डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. इथं उपचार करायचा तो भीतीवर.

बायकांच्या तक्रारी

बायका तर सांगतच नाहीत. 'अंगावरून पांढरं जातंय' एवढंच, तेही जावेला किंवा आईला. वास नसलेलं, थोडं पांढरं जाणं नैसर्गिक असतं. दह्यासारखं घट्ट आणि खाज असेल तर बहुधा बुरशी. ती वारंवार होत असेल तर शुगर तपासावी. पिवळट-हिरवट किंवा दुर्गंधी असेल तर जंतुसंसर्ग. दुर्लक्ष केलं तर काही संसर्ग गर्भनलिकेपर्यंत जातात आणि पुढं मूल होण्यात अडचण येते.

संबंधावेळी दुखणं हे 'बाईच्या जातीला असतंच' म्हणून सोडून द्यायचं नाही. बाळ अंगावर पीत असताना आणि पाळी गेल्यावर कोरडेपणा येतो, त्यावर साधी जेल आणि क्रीम मिळतात. भीतीनं स्नायू आवळले जात असतील तर त्यावरही उपचार आहेत. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर मात्र थांबू नये. गर्भाशयाचं तोंड लगेच तपासून घ्यावं.

लैंगिक संबंधातून पसरणारा संसर्ग असेल तर औषध दोघांनी घ्यायचं. एकटीनंच घेतलं तर महिन्याभरात पुन्हा तेच.

पावडरीचा धोका

१९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानं लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना बंदी आहे. तरी त्या चालतात. अशा 'जडीबुटी'मध्ये सिल्डेनाफिल हे औषध न सांगता मिसळलेलं अनेकदा आढळलं आहे. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्यानं ते घेतलं, तर रक्तदाब एकदम घसरून जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीनं, तपासणी करून घेतलं तर हेच औषध अनेकांना उपयोगी पडतं.

जायचं कुठं?

पुरुषांनी आधी नेहमीच्या एमबीबीएस डॉक्टरांकडं जाऊन शुगर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासावं. गरज पडली तर ते युरोलॉजिस्टकडं किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवतात. बायकांनी स्त्रीरोगतज्ज्ञाकडं जावं. संसर्गासाठी जिल्हा सरकारी रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत 'नॅको'ची सुरक्षा क्लिनिकं आहेत. तिथं तपासणी, समुपदेशन, औषध मोफत आणि माहिती गुप्त. किशोरवयीन मुलामुलींसाठीची सरकारी क्लिनिकं महाराष्ट्रात 'मैत्री' तर कर्नाटकात 'स्नेहा' या नावानं चालतात. एचआयव्ही आणि संसर्गाविषयी विचारायला १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

राहिला भाषेचा प्रश्न. कन्नड येत नाही, म्हणून शेजाऱ्याला किंवा स्वतःच्या पोराला दुभाष्या म्हणून नेलं की खरं बोलणंच होत नाही. त्यापेक्षा चिठ्ठी लिहून न्यावी : त्रास कधीपासून, कुठल्या गोळ्या चालू आहेत, शुगर-रक्तदाब आहे का, तंबाखू-दारू किती. मराठी समजणारं कोण आहे, हे समुपदेशकाला आधीच विचारावं. शक्यतो नवरा-बायकोनं जोडीनं जावं.

त्या दुकानदारांची शुगर आता आटोक्यात आहे. तक्रारही बरीच कमी झाली. गल्ल्यातला हिशेब रोज रात्री करणारा माणूस, म्हणतो, "पहिल्याच महिन्यात रक्त तपासलं असतं, तर वीस हजार नाहीत, पाय तरी धोक्यात आला नसता."