पल्स नॉर्मल, तरी जिना चढताना धाप का?

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नाही, तर त्याचं पंपिंग शरीराला कमी पडणं. अशा पेशंटला कसारा स्टेशनचा जिना चढताना धाप लागते, पण स्मार्टवॉच म्हणतं पल्स ठीक! कारण घड्याळ मनगटावर हिरवा प्रकाश टाकून नुसते ठोके मोजतं. एका ठोक्यात रक्त किती गेलं, हे त्याला कळत नाही. त्यात बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर पल्स फारसा वाढतच नाही. झोपवून काढलेल्या टू-डी इकोतही काहींचं पंपिंग ५० टक्क्यांच्या वर दिसतं.

म्हणून श्रम करतानाच मोजतात. सीपीईटी चाचणीत सायकल चालवताना मास्कमधून कळतं, शरीराने ऑक्सिजन किती वापरला. साधी चाचणी म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीत ३० मीटरच्या कॉरिडॉरमध्ये ६ मिनिटं चालायचं, अंतर मोजायचं. दमलात तर थांबता येतं, टायमर मात्र थांबत नाही.