केडगाव ते पुणे : मिटिऑर घ्यावी की अव्हेंजर?

केडगावहून सुपा, शिरूरमार्गे पुणे म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर. दर आठवड्याला ही रपेट असेल, तर कोणती क्रूझर घ्यावी?

रॉयल एनफिल्ड मिटिऑर ३५० : वजन १९१ किलो, टाकी १५ लिटर, टॉर्क २७ न्यूटन मीटर. वेगात स्थिर, डबलसीट असतानाही ओव्हरटेक सोपे.

बजाज अव्हेंजर क्रूझ २२० : वजन १६३ किलो, सीटची उंची ७३७ मिलिमीटर, मिटिऑरची ७६५. उंची कमी असणाऱ्यांना आणि गर्दीत सोयीची.

मात्र क्रूझरवर पाय पुढे असतात. खड्डा आला की पायांवर उठता येत नाही, हादरा थेट कमरेला बसतो. म्हणून शोरूमसमोरच्या एका फेरीवर ठरवू नका. मागे घरचे माणूस बसवून अर्धा तास खराब रस्त्यावर चालवा, मगच बुकिंग करा.