वेबसाइट आहे, पण बघतं कोण? बेदाणा उत्पादकांसाठी लिंक्डइनचा उपयोग

शेतकरी गटाची वेबसाइट तयार होते, उद्घाटन होतं, लिंक व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरते. चार दिवस पाहुणे आणि मित्रमंडळी उघडून बघतात. पुढं तिकडं कोणी फिरकत नाही. डोमेन आणि होस्टिंगचे पैसे मात्र दरवर्षी भरावे लागतात.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत भागातल्या बेदाणा उत्पादकांपुढं हा प्रश्न जास्त आहे. माल सौद्यात जातो, दर तिथं ठरतो. थेट विकायचा तर घेणारा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नसतो. तो पुण्यातल्या बेकरीचा, इंदूरच्या चिवडा कारखान्याचा किंवा एखाद्या निर्यातदाराचा खरेदी अधिकारी असतो. अशी माणसं लिंक्डइनवर सापडतात.

लिंक्डइन २००३ मध्ये सुरू झालं, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेण्याचा करार केला. आपल्याकडं ते ‘नोकरी शोधायचं ॲप’ म्हणूनच माहीत आहे. पण तिथं प्रत्येकाच्या नावाखाली तो कुठल्या कंपनीत, कुठल्या पदावर आहे हे लिहिलेलं असतं, आणि विक्री करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. खातं फुकट उघडता येतं.

आधी माणूस, मग कंपनी

कंपनीचं पेज काढून त्यावर ‘शुभ सकाळ’ टाकत बसू नका. लोक आधी माणसाला ओळखतात. गटाचा अध्यक्ष, सचिव किंवा इंग्रजी बऱ्यापैकी जमणारं घरातलं पोरगं, कुणीही एकानं स्वतःच्या खऱ्या नावानं आणि फोटोनं प्रोफाइल करावी. नावाखालच्या ओळीत २२० अक्षरं बसतात. तिथं ‘प्रगतशील शेतकरी’ एवढंच लिहून भागत नाही. खरेदीदार शोधताना इंग्रजीत ‘रेझिन्स’, ‘सांगली’, ‘सप्लायर’ असे शब्द टाकतो, म्हणून ते शब्द इंग्रजीतच त्या ओळीत हवेत. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून तुमची नोंदणी असेल तर तेही लिहा. वेबसाइटचा पत्ता संपर्काच्या माहितीत भरा. कंपनीचं पेज नंतर काढा आणि त्यावर ‘वेबसाइट बघा’ हे बटण चालू करा.

मग माणसं शोधा. बेकरी, मिठाई, आइस्क्रीम, सुकामेवा पॅकिंग या धंद्यातले खरेदी अधिकारी बघा. ओळखीची विनंती पाठवताना दोन ओळी लिहा: कुठून आहात, काय पिकवता. फुकट खात्यावर अशा ओळींसह विनंत्या मोजक्याच जातात, त्यामुळं त्या विचार करून खर्च करा. पहिल्याच मेसेजमध्ये ‘किती टन घेणार?’ विचारलं की समोरचा दार लावतो.

लिंकवर बोट का ठेवावं?

खरी गोम इथं आहे. ‘आमच्या वेबसाइटला भेट द्या’ असं लिहून कोणी येत नाही. पोस्टमध्ये काम दिसावं आणि पुढची उपयोगाची माहिती वेबसाइटवर असावी. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये जाळीवर टाकतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ, प्रतवारी चालू असतानाचा फोटो, अवकाळी पावसात माल काळवंडला तर तेही खरंखरं सांगा. खरेदीदाराला गुळगुळीत जाहिरातीपेक्षा हे पटतं. शेवटी एक ओळ: ‘या लॉटचा ओलावा, गंधकाचं प्रमाण आणि कीटकनाशक अंशाचा लॅब रिपोर्ट वेबसाइटवर आहे.’ आता त्याला लिंक उघडायला कारण मिळालं.

पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात, बाकी दाबल्यावर उघडतं. म्हणून कामाचं वर लिहा. लिंक पोस्टमध्ये टाकावी की खाली कमेंटमध्ये, यावर जाणकारांत वाद आहे. दोन्ही करून बघा. आठवड्याला एक पोस्ट पुरे, पण हंगाम संपला म्हणून गप्प बसू नका. कोल्ड स्टोअरेजमधला माल विकायचा काळ तर पुढंच असतो. दुसऱ्यांच्या पोस्टवरही बोला. एखाद्या बेकरीवाल्यानं बेदाणा कडक होतो अशी तक्रार लिहिली, तर तिथं उत्पादकाचं नेमकं उत्तर पाहून तो स्वतःच तुमची प्रोफाइल उघडतो.

लिंक टाकण्याआधी वेबसाइट स्वतःच्या मोबाइलवर, गावातल्या नेटवर उघडून बघा. पहिल्या पानावर उद्घाटनाचे हारतुरे आणि मालाची माहिती शोधूनही सापडत नाही, अशी गत नको. पेटीचं वजन, प्रत, परवाना क्रमांक आणि दाबताच लागणारा फोन नंबर वरच हवा. चौकशीचा फॉर्म स्वतः भरून बघा. कधी कधी तो मेल वेबसाइट बनवणाऱ्याकडंच जात असतो आणि गटाला पत्ताच नसतो!

लिंक्डइनवरून येणाऱ्यांसाठी वेबसाइटवर एक वेगळं पान करून घ्या. त्या पानावर किती जण आले हे मोजलं की मेहनत कुठं जाते ते कळतं. महिन्याला वीस जण आले आणि त्यातले तीन खरेदी खात्यातले असले, तरी ते ग्रुपवरच्या हजार ‘छान छान’पेक्षा कामाचे.

पेटी हलवण्याआधी

लिंक्डइनवर खोटे खरेदीदारही असतात. मोठ्या कंपनीचं नाव, परदेशी फोटो, कंटेनरभर ऑर्डर, आणि मग ‘नोंदणी फी’ किंवा ‘सॅम्पल क्लिअरन्स’चे पैसे आधी मागतात. पैसे भरू नका. समोरच्याचा जीएसटी क्रमांक घ्या, जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकून नाव आणि नोंदणी चालू आहे का ते बघा. कंपनीच्या अधिकृत नंबरवर फोन करून त्या नावाचा माणूस तिथं आहे का विचारा. पहिला व्यवहार लहान ठेवा, उधारीवर गाडी भरू नका. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करून तक्रार नोंदवा.