खेळांतून गणितशिक्षण आणि युवा मार्गदर्शक

खेळांतून गणितशिक्षण ही सोंगट्या, चिंचोके, काड्या, खोट्या नोटा यांसारख्या साध्या साधनांनी प्राथमिक वयाच्या मुलांना अंकज्ञान आणि मूलभूत गणिती क्रिया शिकविण्याची पद्धत होय. हे काम गावातील वा वस्तीतील दहावी-बारावी झालेले किंवा महाविद्यालयात शिकणारे तरुण-तरुणी करतात, तेव्हा त्यांना युवा मार्गदर्शक अथवा स्वयंसेवक म्हणतात. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा विचार मुख्यतः मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे.

पार्श्वभूमी

दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीमुळे प्रसिद्ध झालेला ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. प्राथमिक वर्गांतील अंकगणिताची चर्चा त्या मानाने फारच कमी होते. या स्तराचे चित्र ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणातून मिळते. त्यात स्थानिक स्वयंसेवक घरोघरी जाऊन मुलांची तोंडी चाचणी घेतात. चाचणीच्या चार पायऱ्या आहेत : एक अंकी संख्या ओळखणे, दोन अंकी संख्या ओळखणे, दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. २०२३ चे सर्वेक्षण १४ ते १८ वयोगटासाठी होते. ते २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत झाले आणि महाराष्ट्रातून त्यासाठी नांदेड जिल्हा निवडला होता. देशभरातील ३४,७४५ मुलामुलींपैकी ४३.३ टक्क्यांनाच हा भागाकार करता आला. तो सामान्यतः तिसरी-चौथीत शिकविला जातो.

या दोन जिल्ह्यांत भाषेचाही एक प्रश्न आहे. मराठीत ‘त्रेपन्न’ म्हणताना एककाचा उच्चार आधी आणि दशकाचा नंतर होतो, त्यामुळे ऐकून लिहिणारे मूल ५३ ऐवजी ३५ लिहून बसते. तेलुगू आणि कन्नडमध्ये दशक आधी येतो. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि उदगीर-निलंग्याकडे कन्नड बोलणारी घरे आहेत. तेथील मुलाला घरी एक क्रम आणि शाळेत दुसरा क्रम ऐकावा लागतो. २०१९ मध्ये ‘बालभारती’च्या दुसरीच्या पुस्तकात रूढ वाचनाबरोबर ‘पन्नास तीन’ असे वाचनही दिले गेले. त्यावर बरीच टीका व थट्टा झाली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी दक्षिणी भाषांचा दाखला देऊन या बदलाचे समर्थन केले होते. सीमाभागातील मुलांपुरता विचार केला तरी तो दाखला वाजवी ठरतो.

खेळाचे स्वरूप

घराघरांत ओळखीचा खेळ म्हणजे चल्लस आठ. यालाच अष्टचंग आणि कन्नड मुलखात चौकाबारा म्हणतात. खडूने जमिनीवर पाच बाय पाच अशी २५ घरे आखतात. फाशांऐवजी चार कवड्या किंवा चिंचोक्याच्या चार फाका टाकतात. एक, दोन, तीन वा चार उताण्या पडल्या तर तितके दान आणि सर्व पालथ्या पडल्या तर आठ. सोंगटी बाहेरची १६ घरे फिरून आतल्या आठ घरांत शिरते आणि शेवटी मधल्या घरात जाते. सुरुवातीच्या घरापासून ही चाल २४ घरांची होते.

समजा, एका मुलीची सोंगटी १७ घरे चालून गेली आहे. अजून किती चाल उरली, हे ती बोटाने घरे मोजून चटकन ‘सात’ असे सांगते. मात्र पाटीवर २४ वजा १७ मांडून दिले की तीच मुलगी अडते, किंवा चारातून सात जात नाहीत म्हणून सातातून चार काढून मोकळी होते. मार्गदर्शकाचे खरे काम येथे सुरू होते. तुराटीच्या दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवतात. सतरा काढायच्या तर एक गठ्ठा सोडावाच लागतो. सुट्या चौदा होतात, त्यांतून सात गेल्या की सात उरतात. उरलेला गठ्ठा सतरातल्या दहाचा म्हणून जातो. हीच कृती पाटीवर उतरविली की हातचा घेणे म्हणजे काय ते कळते.

मोठ्या मुलांना याच खेळातून संभाव्यता शिकविता येते. फाकेच्या दोन्ही बाजू सारख्याच शक्यतेच्या धरल्यास चार फाका पडण्याचे १६ प्रकार होतात. त्यांपैकी सहांत दोनचे दान पडते, चार आणि आठ यांचा मात्र एकेकच प्रकार आहे. प्रत्यक्षात चिंचोका तितका न्यायी नसतो. शंभर वेळा टाकून नोंद ठेवली की फरक दिसतो.

युवा मार्गदर्शकांचा अनुभव

महाराष्ट्रात या कल्पनेचा मोठा प्रयोग मुंबईतील ‘बालसखी’ हा होय. परिसरातील तरुणी शाळेतील मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन शिकवीत. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथे त्याचे मूल्यमापन झाले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या या अभ्यासात मुलांची, विशेषतः कच्च्या मुलांची, प्रगती स्पष्ट दिसली. मुलांचे गट इयत्तेऐवजी त्यांना काय येते यावरून पाडण्याची रीत पुढे याच धाग्यातून विकसित झाली. २०२२ मध्ये राज्यभर झालेल्या शाळापूर्व तयारी मेळाव्यांत अंगणवाडी सेविका आणि मातांबरोबर गावातील स्वयंसेवकही होते. तेथे गणनपूर्व तयारीसाठी स्वतंत्र स्टॉल असे.

मर्यादा

खेळ पुरेसा असतो, हा समज मात्र टिकत नाही. दिल्लीतील २१४ बालवर्गांत झालेल्या आणि २०१७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणिती खेळ खेळलेल्या मुलांची संख्या व आकार यांची सहज जाण वर्षभरानंतरही वाढलेली आढळली, परंतु शालेय गणितात त्याचा टिकाऊ लाभ दिसला नाही. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासाने उलट बाजू दाखविली : कोलकाता व दिल्लीच्या बाजारात भाजी विकणारी मुले अवघड हिशेब तोंडी करीत, पण तसेच गणित कागदावर आले की चुकत. आठवडी बाजारात आईबापाशेजारी बसणाऱ्या मुलांना ओळखणाऱ्या कोणाही शिक्षकाला याचे नवल वाटणार नाही.

दुसरी अडचण माणसांची आहे. बालसखी सरासरी वर्षभरच टिकत. कंधार, मुखेड, जळकोट या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे निघतात आणि काही मुले त्यांच्याबरोबर जातात. ती परततात तेव्हा शालेय वर्ष संपत आलेले असते. मार्गदर्शक तरुणही स्पर्धा परीक्षेसाठी किंवा नोकरीसाठी पुण्याकडे जातात, तरुणींची लग्ने होतात. त्यामुळे एका मुलाला कोणती क्रिया कुठपर्यंत येते, याची लेखी नोंद शाळेत ठेवणे आवश्यक ठरते. नवा मार्गदर्शक त्या पायरीपासून पुढे जाऊ शकतो. एरवी त्याला पुन्हा काड्यांचे गठ्ठे बांधण्यापासून सुरुवात करावी लागते.